नावेमागचा गळ : मोठ्या सरोवरातल्या ट्राउट-सॅमनबद्दल वाचकांचे प्रश्न

मिशिगन, विस्कॉन्सिन, ओंटारिओ इथे मुलांकडे उन्हाळा काढून आलेल्या आणि पुन्हा जायच्या तयारीत असलेल्या बडोदेकर वाचकांची पत्रं या वेळी एकाच विषयावर आली आहेत. चालत्या बोटीमागे आमिष ओढत नेऊन मोठा मासा धरायचा, म्हणजे ट्रोलिंग, त्याबद्दल. तिथली दुकानं, बोटी आणि नियमपुस्तिका फूट, पौंड, मैल आणि फॅरनहाइटमध्येच बोलतात, म्हणून उत्तरांतही तीच मापं ठेवली आहेत.

एक खुलासा आधीच करतो, कारण बऱ्याच पत्रांत हा घोटाळा आहे. आपल्याकडे रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण रावस सॅमनच्या कुळातला नाही. तो उबदार समुद्राचा आणि खाडीचा मासा. ज्याला रावस धरायची सवय आहे त्यानं थंड सरोवरात उतरताना तो अनुभव बाजूला ठेवावा.

प्रश्न : जावयांची १९ फुटी बोट आहे, तिच्यावर दोन डाउनरिगर (जड गोळा केबलनं खाली सोडून आमिष ठरल्या खोलीवर नेणारे रहाट). ऑगस्टमध्ये मिशिगन सरोवरात तीन दिवस पहाटे गेलो. फिश-फाइंडरच्या, म्हणजे पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर मासे दिसत होते. आमिष ३० फुटांवर ठेवलं, जीपीएसवर वेग २.४ होता. एकही मासा लागला नाही आणि शेजारच्या बोटी मात्र मासे काढत होत्या. आमचं चुकलं कुठे?
— वाचक, दांडिया बाजार

उत्तर : वेगाकडे नंतर येऊ. पहिली शंका खोलीची आहे.

ऑगस्टमध्ये या सरोवराचं पाणी थरांत विभागलेलं असतं. वर उन्हानं तापलेलं हलकं पाणी, साधारण ७० अंश. खाली थंड आणि जड पाणी, चाळिशीतलं. दोहोंच्या मध्ये एक अरुंद पट्टा असतो, त्यात काही फुटांतच तापमान झपकन उतरतं. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. चिनूक सॅमन, ज्याला तिथले कोळी 'किंग' म्हणतात, त्याला पन्नाशीच्या सुरुवातीचं पाणी आवडतं, आणि खाण्याच्या मागे तो ४४ अंशांपर्यंतही उतरतो. कोहो सॅमन साधारण त्याच पाण्यात. स्टीलहेड, म्हणजे सरोवरात वाढलेला रेनबो ट्राउट, थोडा वर, ५५ ते ६० अंशांत. लेक ट्राउट सगळ्यांत खाली, ४५ ते ५० अंशांत आणि बहुतेक वेळा तळाला धरून. उन्हाळ्यात ३० फुटांवर पुष्कळदा कोमट पाणीच असतं. तिथे किंग आलाच तर पहाटेच्या अंधारात घटकाभर येतो.

पडद्यावर मासे दिसत होते म्हणता, पण दिसलेली प्रत्येक खूण सॅमनची नसते. ढगासारखा पुंजका दिसला तर तो बहुधा एलवाइफचा थवा. एलवाइफ हा हेरिंगच्या कुळातला छोटा चंदेरी मासा, सॅमनचं मुख्य अन्न. सॅमन या सरोवरात आणला गेला तोच मुळी या एलवाइफचं बेसुमार वाढलेलं पीक खायला : १९६६ मध्ये मिशिगन राज्यानं कोहो सोडले आणि १९६७ मध्ये चिनूक. हॉवर्ड टॅनर या मत्स्यशास्त्रज्ञाचा तो निर्णय. म्हणून थवा दिसला की त्याच्या खालच्या कडेला आणि बाजूंना मोठे, सुटे बाक, म्हणजे कमानीसारख्या खुणा, शोधा. आमिष त्या बाकांच्या पाच-दहा फूट वर ठेवा. वरून जाणाऱ्या आमिषासाठी सॅमन चढून येतो, पोटाखालून गेलेलं बहुतेक वेळा सोडून देतो.

थर्मोक्लाइन सापडवायचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे डाउनरिगरच्या गोळ्यापाशी बसणारा तापमान आणि वेग सांगणारा प्रोब. तो महाग असतो. नसेल तर फिश-फाइंडरची संवेदनशीलता हळूहळू वाढवा. एका ठरावीक खोलीवर धुरकट आडवी रेघ उमटू लागते, ती बहुधा दोन थरांची सीमा. एक गोळा त्या रेघेच्या जरा वर, दुसरा दहा-पंधरा फूट खाली सोडून सुरुवात करा.

हा पट्टा जागचा हलत नाही असं समजू नका. वाऱ्यानं तो एका रात्रीत वीस-तीस फूट वरखाली होतो. मिशिगन सरोवराच्या पूर्व काठावर दोन-तीन दिवस उत्तरेचा वारा टिकला की वरचं कोमट पाणी पश्चिमेकडे सरकतं आणि काठाशी खालचं थंड पाणी वर येतं. मासेही त्याच्याबरोबर काठाजवळ, उथळात येतात. पश्चिम काठावर, मिलवॉकीच्या बाजूला, हेच काम दक्षिणेचा वारा करतो. काल ७० फुटांवर मासे मिळाले म्हणून आज पुन्हा डोळे झाकून ७० फूट सोडणं ही फार होणारी चूक आहे. पहाटे निघण्याआधी गेल्या दोन दिवसांच्या वाऱ्याची दिशा बघूनच निघावं.

आता वेग. पत्रात २.४ लिहिलंय, पण एकक लिहिलेलं नाही. जीपीएस नॉटमध्ये लावलेला असेल तर तो ताशी पावणेतीन मैलांहून किंचित जास्त झाला. किंगसाठी ताशी २.० ते २.८ मैल चालतात, स्टीलहेडला २.३ ते ३.०, लेक ट्राउटला १.३ ते २.० इतकं सावकाश. यंत्राचं एकक आधी तपासा.

एकक बरोबर असलं तरी जीपीएस फक्त बोटीची जमिनीवरची चाल सांगतो. ७० फूट खाली पाण्याचा स्वतःचा प्रवाह असतो आणि तो कधी वरच्या पाण्याच्या उलटही वाहतो. वर २.४ असताना गोळ्यापाशी १.६ असू शकतो, ३.२ सुद्धा. मासे फक्त उत्तरेकडे जाताना लागतात आणि परत फिरलं की बंद होतात, असं झालं तर हेच कारण समजा. प्रोब नसेल तर डाउनरिगरच्या केबलकडे बघा. मासा लागला त्या क्षणी केबलचा पाण्याशी किती तिरका कोन होता ते लक्षात ठेवा. उलट दिशेनं जाताना जीपीएसचा आकडा विसरा, केबलचा तोच कोन येईपर्यंत वेग कमी-जास्त करा.

याच तिरक्या केबलमुळे खोलीचा आकडाही फसवतो. डाउनरिगर म्हणजे काठावर बसवलेला छोटा रहाटच. त्याचा काउंटर सुटलेल्या केबलची लांबी सांगतो, गोळ्याची खोली नाही. केबल मागे झुकली की ८० फूट सोडूनही गोळा ७० फुटांपाशीच राहतो. गोळा आठ पौंडांचा असेल तर हा फरक मोठा होतो. साठ फुटांच्या खाली जायचं तर बारा पौंडांचा गोळा घ्या, खूप खोल जायचं तर पंधराचा. मात्र रहाट तेवढं वजन पेलतो का, ते त्याच्या माहितीपत्रकात आधी पाहा.

शेवटी क्लिप. गोळ्यावरच्या या क्लिपमध्ये लाइन अडकवून रॉड इतका ताणायचा की त्याची कमान व्हावी. मासा लागला, क्लिप सुटली की रॉड उसळून सरळ होतो आणि मग पुन्हा वाकतो. क्लिप फार घट्ट असेल तर दोन-तीन पौंडांचा मासा तासभर ओढला जातो आणि वर कळतही नाही. तुमच्या गळाला असा मासा लागून राहिला असणंही शक्य आहे. रॉडचं टोक बारीक थरथरताना दिसलं, किंवा काही न होता पंचवीस-तीस मिनिटं गेली, की लाइन वर घेऊन तपासा.

प्रश्न : डिप्सी डायव्हर, लेड कोअर, कॉपर, साइड प्लेनर, दुकानात गेलं की डोकं गरगरतं. डाउनरिगर असताना हे सगळं कशाला? आणि सहा रॉड लावले की दर वेळी गुंता होतो.
— वाचक, रावपुरा

उत्तर : डाउनरिगर आमिष नेमक्या खोलीवर नेतो, पण बोटीच्या अगदी खाली. शांत, स्वच्छ पाण्यात बोटीच्या आवाजानं आणि सावलीनं मासे बाजूला सरकतात. बाकीची साधनं आमिष बाजूला आणि मागे नेण्यासाठी आहेत. एवढं ध्यानात ठेवलं तर खरेदी सोपी होते.

पहिल्यांदा डिप्सी डायव्हर घ्या. ती प्लास्टिकची गोल तबकडी असते, पाण्याच्या दाबानं स्वतः खाली आणि बाजूला जाते. तळाला फिरणारी चकती असते, तिच्यावर ० ते ३ आकडे. शून्यावर सरळ खाली आणि सर्वांत खोल. तीनवर सर्वांत बाजूला, पण तेवढीच लाइन सोडून कमी खोल. चकती डावीकडे फिरवली तर तबकडी डावीकडे जाते, उजवीकडे फिरवली तर उजवीकडे. मोठी तबकडी ३० पौंडांच्या ब्रेडेड लाइनवर लावा. नायलॉनची लाइन ताणते, त्यामुळे दूरवर खोल गेलेली तबकडी झटका देऊन सोडवता येत नाही. रॉड नऊ-दहा फुटी आणि जरा कडक हवा, रील लाइन मोजणारं. तबकडीमागचा लीडर, म्हणजे आमिषापर्यंतचा लाइनीचा शेवटचा तुकडा, सहा-सात फुटांहून लांब नको, कारण तबकडी रॉडच्या टोकाशी अडकते आणि मासा त्यापेक्षा मागे राहिला तर हातजाळी पोहोचत नाही.

डिप्सीची खरी कळ तिच्या सुटणाऱ्या कडीच्या स्क्रूत आहे. सैल असेल तर लाटेनंच सुटते, घट्ट असेल तर मासा लागूनही सुटत नाही आणि तुम्ही मासा आणि तबकडी दोन्ही ओढत बसता. बंदरातून बाहेर पडल्यावर पन्नास फूट सोडून हातानं जोरात झटका द्या. एका चांगल्या झटक्याला सुटली तर बरोबर. सोडताना रीलला मोकळं सोडू नका. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, सैल करून लाइन सावकाश, एकसारखी जाऊ द्या. घाईनं सोडली की आमिष तबकडीवर गुंडाळतं, आणि तुम्ही तासभर तो गुंता ओढत फिरता.

लेड कोअर म्हणजे विणलेल्या वेष्टणात शिशाची तार. तिचा रंग दर १० यार्डांना, म्हणजे ३० फुटांना बदलतो. ताशी दोन मैलांच्या आसपास एका रंगाला साधारण पाच फूट खोली धरतात. दहा रंग सोडले तर अंदाजे पन्नास फूट. वेग अडीच झाला की ती पन्नासवरून चाळीसच्या घरात वर येते. कॉपर, म्हणजे तांब्याची लाइन, त्याहून खोल जाते. ४५ पौंडांच्या कॉपरला शंभर फुटांमागे वीस-बावीस फूट धरा, म्हणजे तीनशे फुटांना साठ-सत्तर. दोन्हींची गंमत अशी की वळणावर त्या आपोआप वरखाली होतात, आणि पुष्कळ मासे त्याच क्षणी लागतात. डावीकडे वळताना डाव्या लाइन मंदावून खाली बसतात, उजव्या वेग घेऊन वर येतात. डावीकडे मासा लागला तर त्या दिवशी माशाला सावकाश आणि खोल हवंय, उजवीकडे लागला तर जलद आणि वर. म्हणून सरळ रेषेत तासन्‌तास जाऊ नका, नागमोडी चला.

गुंत्याबद्दल. दोन माणसं, सहा रॉड अशी मांडणी घेऊ. दोन लेड कोअर साइड प्लेनरवर, दोन डिप्सी, दोन डाउनरिगर. साइड प्लेनर म्हणजे बाजूला पळणारी फळी. तिच्यावर लेड कोअर बोटीपासून साठ-सत्तर फूट दूर चालते. आधी सर्वांत बाहेरच्या लाइन, म्हणजे फळ्या सोडा. मग डिप्सी, चकती तीनवर. मग डाउनरिगर. बाहेरची लाइन वर, आतली खाली, अशी उतरंड ठेवली की बाहेर लागलेला मासा आतल्या लाइनींच्या वरून मागे येतो. पहिले काही दिवस मात्र सहा नका लावू, चारच लावा. नीट चालणारे चार रॉड गुंतलेल्या सहांपेक्षा जास्त मासे देतात. वळण रुंद घ्या, एका मिनिटात दिशा थोडीच बदलेल असं. बोट काटकोनात वळवली की लेड कोअर दुसऱ्या लाइनीवर बसतेच.

प्रश्न : बडोद्यात वाइंडिंगची तांब्याची तार किलोवर मिळते. ती ट्रोलिंगसाठी नेली तर? शिवाय सजावटीच्या चकचकीत पट्ट्यांपासून आमिषाच्या 'फ्लाय' घरी बांधता येतील का?
— वाचक, मांडवी

उत्तर : तार नेऊ नका. मोटार आणि ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग तार एकेरी आणि मऊ असते, वर इनॅमलचा लेप. रीलवरून सुटताना एक जरी पीळ बसला तरी तिथे मुरड पडते आणि नेमक्या त्या मुरडीवर ती तुटते. ट्रोलिंगचं कॉपर अनेक बारीक तारा एकत्र करून बनवलेलं असतं, म्हणून ते वाकतं तरी तुटत नाही. त्यालाही ढिलं सोडलं तर गुंडाळी होते, म्हणून स्पूल अंगठ्यानं दाबून ठेवायचं असतं.

फ्लाय मात्र जरूर बांधा. सोपं काम आहे आणि आपल्या हातांना जमणारं. लागतं ते असं : मायलरच्या, म्हणजे चकचकीत प्लास्टिकच्या, बारीक पट्ट्या, चारेक इंच लांब, पांढऱ्या, हिरव्या, निळ्या, थोड्या अंधारात चमकणाऱ्या. बोटभर प्लास्टिकची नळी, जाड दोरा, नखाच्या पॉलिशसारखं वाळणारं लाखेचं द्रव्य आणि सहा-आठ मिलिमीटरचे मणी. पट्ट्या नळीभोवती विरळ बांधा. दाट झुबका पाण्यात काठीसारखा सरळ राहतो, विरळ पट्ट्या श्वास घेतल्यासारख्या उघडतात आणि मिटतात. ५० ते ६० पौंडांच्या जाड नायलॉनवर आधी हूक बांधा, मग मणी ओवा, मग नळी. मणी कमी-जास्त करून हूक पट्ट्यांच्या टोकाशी येईल असा बसवा. हूक झुबक्याच्या आत राहिला तर मासा नुसत्या शेपट्या चावून जातो.

फ्लायला स्वतःची हालचाल नसते. ती तिला पुढच्या फ्लॅशरकडून मिळते. फ्लॅशर म्हणजे गोल फिरणारी प्लास्टिकची पाटी. आठ इंची पाटी असेल तर फ्लायपर्यंतचा लीडर १८ ते २४ इंच, दहा-अकरा इंची असेल तर २६ ते ३४. साधारण पाटीच्या लांबीच्या अडीच-तीनपट. लीडर आखूड केला की फ्लाय जास्त फटकारते, चिडखोर किंगला हे चालतं. लांब केला की शांत चालते, लेक ट्राउटला ते आवडतं. मासे पाठलाग करताहेत पण चावत नाहीत असं वाटलं तर रंग बदलण्याआधी लीडर दोन इंचांनी बदलून पाहा. पाटी फिरते की नाही हे बोटीच्या कडेला, सहा फुटांवर, स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनच खाली सोडा. गवताची एक काडी अडकली तरी ती फिरायची थांबते.

रंगांचं थोडक्यात : पाण्यात लाल रंग सर्वांत आधी विझतो, हिरवा-निळा खोलवर टिकतो. पहाटेच्या अंधारात चमकणारे, ऊन चढलं की हिरवे, निळे आणि चंदेरी. चमकणारं आमिष टॉर्चनं दर थोड्या वेळानं भारित करावं लागतं.

प्रश्न : चार मोठे किंग लागले आणि चारही सुटले. दोनदा लाइन तुटली, एकदा हूक सरळ झाला, एकदा बोटीशी आल्यावर गेला. रील चांगलं आहे.
— वाचक, कारेलीबाग

उत्तर : चारही मासे एकाच कारणानं गेलेले दिसत नाहीत, म्हणून एकेक घेऊ.

तुटलेल्या लाइनीचं टोक पाहा. डुकराच्या शेपटासारखं वळलेलं असेल तर गाठ घसरली. गाठ आवळण्याआधी ती ओली केलीच पाहिजे. कोरडी आवळली की घर्षणाच्या उष्णतेनं लाइन तिथेच अर्धी जळते. फ्लुरोकार्बनला तर हे फार जाणवतं. सुधारित क्लिंच गाठीला पाच-सहा वेढे द्या, किंवा पालोमार गाठ बांधा. टोक खरखरीत आणि पांढरं असेल तर लाइन घासली गेली होती. प्रत्येक माशानंतर शेवटचे तीन-चार फूट नखातून ओढून पाहा, खडबड लागली की कापून टाका. डाउनरिगरवर २० पौंडांची नायलॉन लाइन, तिला चांगल्या बॉल-बेअरिंग स्विव्हलनं जोडलेला २० ते २५ पौंडांचा फ्लुरोकार्बन लीडर, एवढं पुरतं.

सरळ झालेला हूक हा ड्रॅगचा दोष. रीलची ताकद किती आहे त्याच्याशी संबंध नाही. ड्रॅग बोटानं ओढून अंदाजानं लावू नका. साधा स्प्रिंगचा काटा घ्या, रॉड धरून लाइन काट्याला ओढा, चार-पाच पौंडांवर ड्रॅग सरकायला हवा. वीस पौंडांचा किंग पहिल्या धावेत दोनशे फूट ओढून नेतो. त्याला जाऊ द्या. तो पळत असताना रील फिरवू नका, फक्त रॉड वर ठेवा. थांबला की रॉड सावकाश उचला, खाली आणताना तेवढंच गुंडाळा. लाइन क्षणभरही ढिली पडता कामा नये. नीट न रुतलेला हूक ढिलाईतच गळून पडतो.

बोटीशी सुटणाऱ्या माशाचं कारण बहुतेक वेळा हातजाळी धरणारा असतो. पुढे गेलेल्या जाळीला मासा पाहतो आणि उसळतो. जाळी पाण्याबाहेरच तयार ठेवा. मासा दमून आडवा झाला की रॉडवाल्यानं मागे एक पाऊल टाकत त्याला डोक्याच्या दिशेनं जाळीत आणायचा. जाळीवाल्यानं माशाच्या मागे धावायचं नाही, आणि शेपटीकडून तर कधीच नाही. मोटार बंद करू नका, बोट सावकाश चालू ठेवा. थांबली की बाकीच्या लाइन खाली बसतात आणि मासा बोटीखाली शिरतो.

प्रश्न : परवाना, किती रॉड, कोणता मासा कसा ओळखायचा? थोडक्यात सांगा.
— वाचक, सुभानपुरा

उत्तर : परवाना राज्यागणिक वेगळा आणि पाहुण्यालाही लागतो. मिशिगनमध्ये १७ वर्षं आणि त्यावरील प्रत्येकाला. विस्कॉन्सिनमध्ये परवान्याशिवाय ग्रेट लेक्सचा (मिशिगनसारख्या तिथल्या मोठ्या सरोवरांचा) ट्राउट-सॅमन स्टॅम्प वेगळा घ्यावा लागतो. या दोन्ही राज्यांत माणशी तीन रॉड चालतात. ओंटारिओचे नियम वेगळे आहेत, तिथल्या त्या वर्षीच्या पुस्तिकेत तुमच्या सरोवराचं पान आधी वाचा. ठेवता येणाऱ्या माशांची संख्या जातीवर ठरते, म्हणून ओळख पक्की हवी. तोंड उघडून पाहा. चिनूकच्या हिरड्या काळ्या, दातांच्या मुळाशीही. कोहोच्या दातांच्या मुळाशी फिकट रेघ, बाकी तोंड काळसर. स्टीलहेडचं तोंड पांढरं आणि सगळ्या शेपटीवर ओळीत ठिपके. लेक ट्राउटच्या गडद अंगावर फिके ठिपके आणि शेपटीला खोल खाच.

पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट अंगात हवंच, पिशवीत नको. जूनमध्येही खोल पाण्यावर पाणी पन्नाशीच्या आत असतं, त्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही. मदतीसाठी व्हीएचएफ रेडिओचं १६ नंबरचं चॅनल.

प्रश्न : मुलानं वीस पौंडांचा किंग आणला. आपल्या रश्श्यात चव बिघडली, तेलकट वास आला.
— वाचिका, कारेलीबाग

उत्तर : वासाचं मूळ बहुतेक वेळा बोटीवर असतं. मासा मारल्यावर लगेच कल्ले कापून रक्त काढून टाकायचं आणि पोट साफ करून पोटातही बर्फ भरायचा. उन्हात डब्यात पडून राहिलेला मासा नंतर कशानंच सुधारत नाही. दुसरं म्हणजे चरबी. ग्रेट लेक्सच्या मोठ्या माशांच्या चरबीत पीसीबीसारखी जुन्या कारखान्यांची द्रव्यं साठतात, म्हणून तिथली आरोग्य खाती जातीनुसार आणि आकारानुसार किती वेळा खावं ते प्रसिद्ध करतात. ते बघूनच खावं, लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी विशेषकरून. साल काढा, पोटाकडची पांढरी पट्टी आणि बाजूच्या मधोमध जाणारी तपकिरी चरबीची रेघ कापून टाका. वासही त्याच दोन जागी असतो. उरलेल्या तुकड्यांना हळद, मीठ, लिंबू पंधरा मिनिटं लावून, वरून रव्यात घोळवून मध्यम आचेवर परता. रश्श्यात घालायचाच तर रस्सा आधी पूर्ण शिजवा आणि तुकडे अगदी शेवटी, पाच-सहा मिनिटंच. सुरमईसारखा उकळत ठेवला की हा मासा कोरडा पडतो आणि तेल रश्श्यावर येतं.

प्रश्न : जाण्याआधी आजव्याला सराव करता येईल का?
— वाचक, वाघोडिया रोड

उत्तर : आजवा हा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा तलाव, त्यात मगरीही आहेत. तिथे नावेचा विचारच नको. ट्राउटसुद्धा गुजरातच्या पाण्यात जगत नाही. आपल्याकडचा ट्राउट काश्मीर-हिमाचलच्या थंड नद्यांत आणि दक्षिणेत निलगिरी-मुन्नारच्या डोंगरांत, आणि तिथे काठावरून गळ टाकतात, ट्रोलिंग नव्हे.

सरावासाठी घराबाहेर पडायचीही गरज नाही. गाठी घरात बांधा, ओल्या करून, मग काट्याला ओढून पाहा कुठे तुटतात. आणि नवं रील घेतलं असेल तर ते घेऊन सकाळी पोलो ग्राउंडवर जा. टेपनं शंभर फूट मोजून दोन खुंट्या ठोका, लाइनीचं टोक पहिल्या खुंटीला बांधा, काउंटर शून्यावर आणा आणि चालत दुसऱ्या खुंटीपर्यंत जा. काउंटर क्वचितच शंभर दाखवतो. स्पूल कमी भरला असेल तर प्रत्येक फेऱ्यात लाइन कमी सुटते आणि आकडा जास्त दिसतो, नव्वद फूट सोडून शंभर वाचला जातो. अशा वेळी स्पूलवर खाली जास्त दोर गुंडाळून तो काठापर्यंत भरा आणि पुन्हा मोजा. तरीही फरक उरला तर तो रीलच्या बुडाला चिकटपट्टीवर लिहून ठेवा. दोन डिप्सी रॉडांची रीलं एकाच कंपनीची असली तरी दोन्ही वेगवेगळी मोजा.